इंटरनेट आणि हरवलेला 'मधला वेळ'

'इंटरनेटमुळे जग जवळ आले' हे वाक्य आपण सगळेच शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. आम्ही कॉन्व्हेंटवाले ते इंग्रजीत लिहायचो, एवढाच फरक! पण मित्रांनो, जग जवळ आणायचं काम तारेने आणि टेलिफोनने आधीच सुरू केलं होतं. इंटरनेटने आणखी एक गोष्ट केली. बातमी घडणे आणि ती आपल्यापर्यंत पोचणे, पत्र लिहिणे आणि ते पाठवणे, यांच्यामधला वेळ जवळजवळ पुसून टाकला. तो वेळ फुकट जात होता का? माझ्या मते नाही.

बातमी : आधी आणि आता

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएलमार्फत. तेव्हा बातमीची वेळ ठरलेली असे. सकाळी पेपर, संध्याकाळी दूरदर्शनवर सातच्या बातम्या. मधल्या तासांत वार्ताहर बातमी आणायचा, उपसंपादक ती तपासायचा, मग ती छापली जायची. चुका तेव्हाही व्हायच्या, पण चुकीखाली कोणाचं तरी नाव आणि पत्ता असायचा.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची ४जी सेवा आली, डेटा स्वस्त झाला आणि मोबाईल हाच पेपर, हाच टीव्ही झाला. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे महाराष्ट्रात घरोघरी पेपर टाकण्यावर काही काळ बंदी आली, तेव्हा पेपरच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागल्या. आता आपण बातमीकडे जात नाही, बातमीच आपल्याकडे येते, आणि ती कोणी तपासली हे कळायला मार्ग नसतो.

याची किंमत किती असू शकते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्या काळात देशभर असे मेसेज फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असे जाहीर केले. एप्रिल २०२० पासून, खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे बघा, वेग वाढवणाऱ्या कंपनीलाच शेवटी ब्रेक बसवावा लागला!

व्यवसाय : 'ओके'ची किंमत

पूर्वी ऑफिसात साहेब मजकूर सांगायचे, स्टेनो तो शॉर्टहँडमध्ये घ्यायचा, टाइप करायचा, साहेब वाचून सही करायचे आणि पत्राला जावक क्रमांक पडायचा. ईमेलमधलं 'सीसी' म्हणजे 'कार्बन कॉपी', ते याच टाइपरायटरच्या कार्बन पेपरवरून आलं आहे. एवढ्या हातांतून जाताना चूक कोणाच्या तरी लक्षात यायची. आज साहेब स्वतःच अंगठ्याने टाइप करतात आणि पाठवून मोकळे होतात.

पण कायदा या मेसेजना गंमत समजत नाही. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अ‍ॅल्युमिनियम या खटल्यात बॉक्साइटचा सौदा २००७ मध्ये ईमेलवरच ठरला होता, रीतसर करारावर सही झालेली नव्हती. तरीही करार झाला आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१० मध्ये दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम १०-अ सुद्धा हेच सांगते, की केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून करार बाद होत नाही.

लहान धंद्यात तर सगळा कारभारच चॅटवर चालतो. माझ्या काकांचं भोसरीला टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. एका ग्राहकाने ग्रुपवर बुशच्या ड्रॉइंगचा फोटो टाकला. दोन दिवसांनी बदललेलं ड्रॉइंग टाकलं, पण रिव्हिजन नंबर तोच ठेवला. मध्ये सणाच्या शुभेच्छांचे ढीगभर मेसेज! बोअर २५ मिमीचा २४ झालाय हे कोणाच्या लक्षात आलं नाही. लहान भोक मोठं करता येतं, मोठं लहान करता येत नाही. पन्नास नग भंगारात गेले. कागदाच्या काळात जुन्या ड्रॉइंगवर 'रद्द' असा शिक्का बसला असता.

मग उपाय काय?

याचा अर्थ टाइपरायटर परत आणा असा नाही. याच व्हॉट्सअ‍ॅपमुळे काकांना घरबसल्या चौकशी येते, कोटेशन पाच मिनिटांत जातं आणि यूपीआयवर पैसे येतात. हे नाकारण्यात काय अर्थ?

आपण इंजिनिअर लोक. मायक्रोकंट्रोलरच्या लॅबमध्ये आपण 'डीबाउन्स' शिकतो. बटण दाबलं की त्याचे कॉन्टॅक्ट क्षणभर थरथरतात आणि एकदाच दाबलेलं बटण अनेकदा दाबल्यासारखं वाटतं. म्हणून प्रोग्राम काही मिलिसेकंद थांबतो, पुन्हा वाचतो आणि मगच विश्वास ठेवतो. हाच नियम आपल्यालाही लागू करता येईल :

१. फॉरवर्डमध्ये तारीख, ठिकाण आणि बातमी देणाऱ्याचं नाव नसेल, तर तो पुढे पाठवू नका.
२. ड्रॉइंग फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आकडे पुसट होत नाहीत. फाईलच्या नावात रिव्हिजन आणि तारीख हवीच.
३. फोनवर ठरलेला दर, नग आणि मुदत दोन ओळींच्या ईमेलने कळवा.
४. नुसतं 'ओके' लिहू नका. कशाला ओके, ते लिहा.

पूर्वी थांबायचं काम उपसंपादक, स्टेनो आणि पोस्टमन आपल्यासाठी करायचे. आता ते आपल्याच अंगठ्याकडे आलं आहे. उद्या आपल्यापैकी कोणी एखादं मेसेजिंग अ‍ॅप बनवेल, कोणी कारखान्यात ऑर्डर सोडेल. वेग आपल्याला मशीन देईलच, पण कुठे थांबायचं हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागेल.