छोट्या अग्निबाणाचा संच कसा निवडावा?

गेल्या वार्षिक परीक्षेनंतर नववीतील एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. मे महिन्यात ती आईवडिलांबरोबर अमेरिकेत मामांकडे जाणार होती. मामांनी कळवले होते, "या सुटीत आपण सगळे मिळून एक छोटा अग्निबाण बांधून उडवू. कोणता संच घ्यायचा ते तू ठरव. पण खर्च बेताचा हवा." तिने तीन संचांच्या किमती एका कागदावर लिहून आणल्या होत्या. "सर, यातला सर्वांत स्वस्त तो घ्यावा ना?" असा तिचा प्रश्न होता.

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर किमतीच्या यादीत सापडत नाही. ते मिळवण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान, थोडे गणित आणि पुष्कळसा सुज्ञपणा लागतो. विद्यार्थी मित्रहो, आम्ही दोघांनी ते कसे शोधले, ते क्रमाने पाहू या.

हा छंद कसा जन्मला?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि जगभरच्या मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. अमेरिकेत अनेक मुले घरातच नळ्यांमध्ये स्फोटक मिश्रणे ठासू लागली. धातूची नळी फुटली की तिचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. यात मुले जखमी होऊ लागली.

यावरचा उपाय त्याआधीच एका गावात तयार होता. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावी जोड्यांचे दुकान चालवणारे ऑरव्हिल कार्लाइल यांनी आपल्या भावासाठी १९५४ च्या सुमारास कागदी नळीचा, हलका आणि हवाई छत्रीने परत येणारा अग्निबाण बनवला होता. त्याचे इंजिन वेगळे होते. ते एकदा वापरायचे, फेकायचे आणि दुसरे घालायचे. जी. हॅरी स्टाइन या अग्निबाण अभियंत्याचा एक लेख वाचून कार्लाइल यांनी आपले नमुने त्यांच्याकडे पाठवले. इंधन मुलांच्या हाती न देता कारखान्यात भरलेले इंजिन द्यावे, यातच मुलांची सुरक्षितता आहे, हे स्टाइन यांनी ओळखले. १९५७ मध्ये त्यांनी या छंदाची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पुढे व्हर्न एस्टेस यांनी अशी इंजिने भराभर तयार करणारे यंत्र बनवले. त्या यंत्राचे लाडके नाव होते 'मेबल'.

या इतिहासातून पहिला नियम मिळतो: इंधन स्वतः कधीही बनवायचे नाही आणि विकतचे इंजिन कधीही उघडायचे नाही.

इंजिनावरील अक्षरे काय सांगतात?

इंजिन म्हणजे बोटाएवढी जाड कागदी नळी. तिच्या खालच्या टोकाला मातीचे अरुंद तोंड असते. त्याच्या वर दाबून भरलेली काळी दारू, तिच्या वर सावकाश जळणारा विलंबाचा थर आणि सर्वांत वर छत्री बाहेर ढकलणारी थोडी दारू असते.

नळीवर 'बी६-४' असे काही छापलेले असते. यातील अक्षर एकूण आवेग सांगते. आवेग म्हणजे रेटा गुणिले काल. 'ए' गटाचा आवेग १.२६ ते २.५ न्यूटन-सेकंद, 'बी'चा २.५१ ते ५ आणि 'सी'चा ५.०१ ते १० असतो. म्हणजे प्रत्येक पुढच्या अक्षराला कमाल आवेग दुप्पट होतो. पहिला आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो. दुसरा आकडा म्हणजे इंजिन विझल्यापासून छत्री बाहेर पडेपर्यंतचे सेकंद.

आता 'बी६-४' वाचू या. आवेग जास्तीत जास्त ५ न्यूटन-सेकंद आणि रेटा ६ न्यूटन, म्हणून ज्वलनकाल ५ ÷ ६, म्हणजे सुमारे ०.८ सेकंद. एक सेकंदही नाही! त्यानंतर अग्निबाण आपल्या वेगानेच वर जात राहतो आणि ४ सेकंदांनी, माथ्याच्या आसपास पोहोचल्यावर, छत्री उघडते. शेवटचा आकडा शून्य असेल, तर ते इंजिन अनेक टप्प्यांच्या अग्निबाणाच्या खालच्या टप्प्यासाठी असते. ते साध्या अग्निबाणात घातले, तर छत्री वेळेवर उघडणार नाही.

वजन आणि रेटा

उड्डाणदांडीवरून सुटताना अग्निबाणाला पुरेसा वेग हवा, नाहीतर तो तिरका होतो. त्यासाठी इंजिनाचा सरासरी रेटा भरलेल्या अग्निबाणाच्या वजनाच्या निदान पाचपट असावा, असा एक ढोबळ नियम आहे. समजा, इंजिनासह वस्तुमान ६० ग्रॅम आहे. मग वजन ०.०६ × ९.८ म्हणजे सुमारे ०.५९ न्यूटन. ६ न्यूटनचा रेटा त्याच्या दहापट झाला. उत्तम! पण १५० ग्रॅमच्या अग्निबाणाचे वजन १.४७ न्यूटन होते आणि तोच रेटा फक्त चौपट ठरतो. तेथे हे इंजिन नको.

पहिला प्रश्न मैदानाचा

येथपर्यंत आल्यावर मी त्या मुलीला विचारले, "मामांजवळ मैदान केवढे आहे?" तिने पत्र पाठवून उत्तर मागवले: १२० मीटर लांब आणि ९० मीटर रुंद.

संघटनेच्या सुरक्षा नियमांप्रमाणे मैदानाची लहान बाजू 'ए' इंजिनासाठी सुमारे ३० मीटर, 'बी'साठी ६० मीटर आणि 'सी'साठी १२० मीटर तरी हवी. म्हणजे मामांच्या मैदानावर 'सी' बाद. पण वाऱ्याचा हिशेब अजून बाकी आहे.

छत्रीने अग्निबाण दर सेकंदाला सुमारे ४ मीटर खाली येतो असे मानू. 'बी' इंजिनाने तो २०० मीटर चढला, तर उतरायला ५० सेकंद लागतील. वारा सेकंदाला ३ मीटर, म्हणजे अगदी मंद झुळूक असली, तरी तो ५० × ३ = १५० मीटर वाहत जाईल आणि मैदानाबाहेरच्या झाडांत अडकेल. 'ए' इंजिनाने तो १०० मीटर चढला, तर २५ सेकंदांत ७५ मीटर वाहील. वारा मैदानाच्या लांबीच्या दिशेने असेल आणि आपण वारा येतो त्या टोकाजवळून उडवले, तर तो मैदानातच उतरेल. छत्रीऐवजी लांब कागदी फीत लावली, तर तो लवकर उतरतो आणि कमी वाहतो.

पहिल्या दिवशी झाडावर अडकलेला अग्निबाण हा सर्वांत महाग अग्निबाण होय! म्हणून निवडीचा क्रम असा ठेवावा: आधी मैदान, मग इंजिन, मग अग्निबाण आणि शेवटी किंमत. मैदान लहान असेल तर जाड, मोठा, सावकाश चढणारा अग्निबाण घ्यावा. तो फार उंच जात नाही आणि डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

किमतीचे गणित

आता त्या कागदाकडे वळू. संचाच्या खोक्यावरील किंमत हा खर्चाचा एक भागच असतो. खोक्यात बहुधा इंजिने नसतात. डिंक, रंग, विजेचे सेल आणि ज्वालारोधक कागदही कित्येकदा वेगळे घ्यावे लागतात. म्हणून,

एकूण खर्च = सुरुवातीचा खर्च + (उड्डाणांची संख्या × एका उड्डाणाचा खर्च)

सोयीसाठी आकडे मानून घेऊ. पहिल्या संचाची किंमत ३० डॉलर, पण त्याला मोठे इंजिन लागते आणि दर उड्डाणाला ८ डॉलर पडतात. दुसऱ्याची किंमत ४५ डॉलर, पण लहान इंजिनावर ४ डॉलरमध्ये उड्डाण होते. दोन्ही खर्च केव्हा सारखे होतील?

३० + ८न = ४५ + ४न, म्हणून न = ३.७५

म्हणजे चौथ्या उड्डाणापासून महाग दिसणारा संच स्वस्त ठरतो. बारा उड्डाणांनंतर पहिल्यावर १२६ डॉलर खर्च होतात आणि दुसऱ्यावर ९३. ही आकृती आलेखकागदावर काढून पहा. दोन रेषा कोठे छेदतात?

आणखी एक गोष्ट. उड्डाणदांडी, तिची बैठक आणि विजेची कळ एकदाच घ्यावी लागते. ती सर्वांना मिळून पुरते. म्हणून कुटुंबाने बैठकीसह एक प्रारंभिक संच घ्यावा आणि बाकीच्या मुलांसाठी नुसते अग्निबाण घ्यावेत. पूर्ण तयार अग्निबाण लगेच उडवता येतो, पण त्यात हाताला काम नसते. कागदी नळी आणि बाल्सा लाकडाचे पंख असलेला संच साधा असतो. पंख कापणे, घासणे, सरळ चिकटवणे यात दोन संध्याकाळी आनंदात जातात, आणि पंख मोडला तर तो दुरुस्तही करता येतो.

उडवण्यापूर्वी

अग्निबाणाचा गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका असावा. तपासण्याची युक्ती सोपी आहे. इंजिन घालून अग्निबाण जेथे समतोल राहतो तेथे दोरा बांधा आणि डोक्याभोवती गरगर फिरवा. टोक पुढे ठेवून तो फिरला, तर स्थिर आहे. उलटा किंवा वेडावाकडा फिरला, तर टोकात थोडे वजन घाला.

सोबत मोठे माणूस हवेच. पेटवणे नेहमी विजेच्या कळीने, निदान ५ मीटर अंतरावरून करावे. आगकाडी कधीही नाही. इंजिन पेटले नाही, तर कळीची किल्ली काढून एक मिनिट थांबावे, मगच जवळ जावे. वाळलेल्या गवतावर उडवू नये. काही गावांत अग्निशमन विभागाची परवानगी लागते, ती आधी विचारून घ्यावी. अग्निबाण विजेच्या तारांवर अडकला, तर तो तेथेच सोडून द्यावा.

भारतात काय करावे?

त्या मुलीचा शेवटचा प्रश्न होता, "येताना तो इकडे आणता येईल का?" नळी, पंख, छत्री आणता येतील, पण इंजिन मुळीच नाही. ते स्फोटक असल्याने विमानाच्या कोणत्याही सामानात चालत नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय स्फोटके बनवणे हा गुन्हा आहे. फटाके फोडून त्यातील दारू गोळा करणे तर जिवावरचा खेळ!

मग निराश व्हायचे का? नाही. शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली घ्या. तिला पुठ्ठ्याचे तीन पंख आणि वर टोपी लावा. एक-तृतीयांश पाणी भरा. फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई घट्ट बुचातून आरपार घालून बूच बाटलीला बसवा आणि बाटली उलटी करून बैठकीवर ठेवा. लांब नळीच्या सायकल पंपाने दुरून हवा भरा. दाब पुरेसा झाला की बूच सुटते, पाणी जोराने खाली जाते आणि बाटली वर. न्यूटनचा तिसरा नियम येथेही तोच! मात्र चेहरा बाटलीवर आणू नका आणि चरे पडलेली बाटली वापरू नका.

ती मुलगी जूनमध्ये परत आली. तिने 'ए' इंजिनावर उडणारा बाल्साच्या पंखांचा संच निवडला होता. सात उड्डाणे झाली आणि सातही वेळा अग्निबाण मैदानातच उतरला. मामांची धाकटी मुलगी कोनमापक घेऊन उंची मोजत असे. रिकामा अग्निबाण आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, आणि त्याच्या शेजारी पाण्याच्या बाटलीचे तीन अग्निबाण आहेत. ते तिच्या वर्गाने बनवले.

करून पहा

१. इंजिनासह ८० ग्रॅमचा अग्निबाण 'ए८-३' इंजिनावर उडवायचा आहे. रेटा वजनाच्या किती पट होतो? हे इंजिन चालेल का?

२. उड्डाणस्थळापासून ५० मीटर अंतरावरून अग्निबाणाचा माथा ६० अंशांच्या कोनात दिसला. त्याची उंची किती?

३. वरील दोन संचांपैकी तुमच्या घरी फक्त तीनच उड्डाणे होणार असतील, तर कोणता संच स्वस्त पडेल?