‘माथाडी’ आणि ‘गिग’ : श्रमाच्या दोन नावांविषयी

खाद्यपदार्थ घरपोच करणाऱ्यांसह सर्व ‘गिग’ कामगारांच्या नोंदणीचा व कल्याणाचा कायदा राजस्थान विधानसभेने २४ जुलै २०२३ रोजी जयपूर येथे संमत केला. देशातील हा या प्रकारचा पहिलाच कायदा. कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारामागे शुल्क, ही त्याची रचना पाहून मराठी वाचकास महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा आठवावा. परंतु नावे निराळी बोलतात. ‘माथाडी’ हे नाव ओझे वाहणाऱ्या माथ्यावरून पडले. ‘गिग’ हा वादकांच्या बोलीतील एखाद्या रात्रीच्या कार्यक्रमाचा शब्द. पहिल्यात देह आहे, दुसऱ्यात केवळ प्रसंग.

उपाहारगृहाच्या दाराशी ताटकळणे, परकोट्यातील गल्लीत नकाशाने भलत्याच हवेलीपुढे आणून सोडणे, ही या कामातील रोजची कटकट. मोबदला फेरीमागे असल्याने अशा खोळंब्याला मोल नाही. कंपन्यांच्या परिभाषेत त्याला नावही नाही. तेथे कामगार ‘पार्टनर’ असतो! नारायण सुर्वे यांच्या पिढीने पाहिलेल्या गिरणगावचा दिवस भोंग्याने बांधलेला असे. तो जाचक खरा, पण साऱ्यांना एकदम ऐकू येई. येथील हुकूम ज्याच्या त्याच्या खिशात वाजतो, आणि गाऱ्हाणेही एकेकट्याचेच राहते.

जयपूरच्या कायद्यात तक्रार-निवारणाची तरतूद आहे. माथाडी मंडळामार्फत मात्र मजुरीही वाटली जाते. थांबलेल्या घटकेचा हिशेब मागावयाचा, तर तुलना येथून सुरू करावी लागेल.