दस्त्याला गाडीचा क्लिअर नको

भोसरी ते चाकण या पट्ट्यात कुठल्याही वस्तूला चकाकी आणायची म्हटलं की सल्ला एकच मिळतो: टू-के क्लिअर, म्हणजे गाडीवरचा हार्डनर मिसळलेला पारदर्शक थर, मारून टाक. बुलेटची टाकी असो, देवघर असो, नाहीतर एअर रायफलचा लाकडी दस्ता. स्प्रे गन गल्लोगल्ली आहे, हार्डनर सुटा मिळतो आणि मारणाऱ्याचा हातही खरोखर साफ असतो. मी स्वतः पेंट शॉपमधला, त्यामुळे या सल्ल्यामागचं प्रेम मला कळतं. तरी दस्त्यापुरता तो मानू नका.

बालेवाडीच्या रेंजवर सरावाला जाणाऱ्या मुलीसाठी मी अक्रोडाच्या दस्त्याची जुनी मॅच रायफल घेतली. आधीच्या मालकाने दस्त्यावर गाडीचा क्लिअर मारून घेतला होता, अगदी चकचकीत. आमच्याकडच्या दुसऱ्या पावसाळ्यात पकडीपाशी, तळहाताचा घाम लागतो नेमका तिथे, पांढुरका डाग उठला. नख लावलं तर पापुद्राच निघाला. खाली लाकूड दमट, काळपट. श्रावण सरेपर्यंत गाल टेकतो त्या जागीही फुगे आले.

पत्रा पाणी पीत नाही, लाकूड पितं. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हवा ठणठणीत कोरडी, तर ऑगस्टमध्ये आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर. तेवढ्यात लाकूड रेषेच्या आडव्या अंगाने फुगतं आणि पुन्हा आकसतं. वरचा कडक थर कुठेतरी चिरतो, ओल आत शिरते आणि थराखालीच अडकते. या दस्त्याचं खरं दुखणं तर आतल्या बाजूला होतं. बाहेर क्लिअरचे थरावर थर, पण बॅरल बसते ती खाच, बटप्लेटखालचा भाग, स्क्रूची भोकं, सगळं कोरं. लाकडाची कापलेली टोकं स्ट्रॉसारखी ओल ओढतात. दस्ता फुगला की स्क्रूचा ताण बदलतो. 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा, तिथे एवढा फरक पुरे होतो. आम्ही मात्र बरेच दिवस पोरीच्या ट्रिगरलाच दोष देत बसलो.

मग लावायचं काय? सुतार मेलामाईन सुचवतील. फर्निचरला ते छान, पण तोही कडकच थर. टवका उडाला तर जोड लपत नाही. लाखेचं पॉलिश दिसायला सगळ्यांत देखणं, पण घामाने आणि पाण्याने पांढरं पडतं. नुसतं जवसाचं तेल लाकडात मुरतं आणि ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा चोळता येतं, हा त्याचा मोठा गुण. मात्र ओल ते फारशी अडवत नाही, आणि पावसाळ्यात त्यावर बुरशीही धरते. कच्चं तेल तर आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मागा.

माझा कौल मधल्या मार्गाला आहे: एका डब्यातलं, हार्डनर न लागणारं पीयू वार्निश, डबल बॉइल्ड तेल आणि टर्पेंटाइन सारख्या प्रमाणात मिसळून फडक्याने चोळायचं. दहा-पंधरा मिनिटांनी वर उरलेलं सगळं पुसून घ्यायचं. पुसायला कंटाळलात तर चिकट थर बसेल. असे चार-पाच पातळ हात, प्रत्येकानंतर निदान एक दिवस वाळवण. आतली खाच आणि कापलेली टोकं यांना मात्र नुसतं पातळ केलेलं वार्निश, तेही बाहेरच्या आधी. चकाकी शोरूमची येत नाही. पण पुढे झीज झाली तर एका संध्याकाळी घरीच दुरुस्त होतं, आणि माझ्या लेखी फिनिश निवडताना हाच निकष पहिला. काम दिवाळीनंतर काढा, जुलैत नको.

जुना क्लिअर रिमूव्हर आणि बोथट स्क्रेपरने काढा. पोचा पडला असेल तर घासत बसू नका. ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवा, दबलेलं लाकूड वाफेने वर येतं. धातूला भिडणाऱ्या कडांवर कागद चालवायचा नाही, एकदा खाली गेलेली कड परत येत नाही. 240 चा कागद झाला की दस्ता ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, उभी राहिलेली कूस 320 ने हलकेच काढा.

बाल्कनीत टू-के फवारायचा विचार असेल तर तोही सोडा. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने कायमचा दमा लागू शकतो. नाकाला बांधलेला रुमाल तिथे कुचकामी. कंपनीत बूथ आणि हवेचा मास्क उगाच देत नाहीत.

हे सगळं बिनपरवान्याच्या, म्हणजे .177 बोअर आणि 20 जूलच्या आतल्या एअर रायफलबद्दल. घरात आजोबांची बारा बोअर असेल तर ती ओळखीच्या सुताराकडे टाकू नका. 1959 च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो; परवानाधारक दुकानातच न्या.

आणि तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेट घेतो. त्या दोरीवर सुट्या पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.