दाणापात्र : बनवणे अर्ध्या तासाचे, सांभाळणे वर्षाचे



चिऊचा घास, काऊचा घास म्हणत आईने भरवले नाही असे मूल आपल्या इंदूरच्या मराठी घरांत क्वचितच सापडेल. ही चिऊ म्हणजेच हिंदीतील गौरैया. जुन्या वाड्यांच्या वळचणीत, कौलांच्या फटीत, भिंतीवरच्या तसबिरीमागे ती घरटे करीत असे. सिमेंटच्या सपाट भिंतींत तिला जागा उरली नाही. २०१० पासून दरवर्षी २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो. त्या दिवशी दाणापात्रे, म्हणजे बर्ड फीडर, उत्साहाने टांगली जातात. पण एप्रिल-मे महिन्यात ती कोण भरतो आणि कोण धुतो, हा खरा प्रश्न आहे. म्हणून या पाठाचे दोन भाग केले आहेत.

भाग पहिला : बनवणे

साहित्य : एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली, दोन जुने लाकडी चमचे, तार किंवा सुतळी, दाभण, कात्री. बाजारातून काहीही आणायचे नाही.

१. बाटली साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. आत ओल राहिली तर दाण्यांना बुरशी लागते.

२. तळापासून सुमारे ५ सेंटीमीटरवर समोरासमोर दोन छिद्रे पाडा. एक छिद्र दांडी घट्ट बसेल एवढेच लहान असावे. दुसरे, म्हणजे चमच्याच्या खोलगट बाजूकडचे, थोडे मोठे असावे. त्यातून दाणे हळूहळू चमच्यात उतरतात. चमचा आरपार घातला की पक्ष्याला बसायला दांडी आणि खायला ताटली, दोन्ही मिळते.

३. त्याच्या ४-५ सेंटीमीटर वर, आडव्या दिशेने, दुसरा चमचा तसाच बसवा.

४. तळाला दाभणाने चार-पाच बारीक छिद्रे पाडा, म्हणजे पावसाचे पाणी निघून जाईल. दाभण तापवण्याचे आणि कापण्याचे काम मोठ्यांनीच करावे. कापलेली कड धारदार राहिल्यास तिच्यावर चिकटपट्टी लावा.

५. गळ्यापाशी तार घट्ट बांधा, दाणे भरा, झाकण लावा.

टांगायची जागा नीट निवडा. जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंच, सावलीत, मांजराला उडी मारता येणार नाही अशी जागा हवी. खिडकीच्या मोठ्या काचेसमोर टांगू नका. काचेत आकाश दिसते आणि पक्षी जाऊन आदळतात.

दाण्यांत बाजरी, राळे, तांदळाची कणी चालते. बुलबुलासाठी पपई किंवा पेरूची फोड नारळाच्या करवंटीत ठेवता येईल. मात्र शेव, नमकीन, उरलेले पोहे अजिबात नकोत. आपल्याला इंदुरी शेव कितीही प्रिय असली, तरी मीठ पक्ष्यांच्या लहानशा शरीराला घातक असते. बुरशी आलेले शेंगदाणेही घालू नका.

भाग दुसरा : सांभाळणे

एकाच चमच्यावर दिवसभरात अनेक पक्षी येतात. त्यांची विष्ठा आणि लाळ दाण्यांत मिसळली की एकाचा आजार दुसऱ्याला लागतो. ब्रिटनमध्ये २००५ नंतर ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यात ट्रायकोमोनोसिस हा घशाचा रोग पसरला आणि त्यांची संख्या फार घटली. या रोगाच्या प्रसाराला बागांतील दाणा-पाण्याच्या जागांनी हातभार लावला. म्हणजे प्रेमाने टांगलेले पण न धुतलेले पात्र पक्ष्यांच्या जिवावर उठू शकते.

म्हणून हे नियम पाळा. आठवड्यातून एकदा उरलेले दाणे काढून टाका. चमच्याच्या छिद्राखालचे दाणे कधीच बाहेर येत नाहीत, ते तळाशी कुजतात. बाटली गरम पाण्याने व साबणाने धुऊन उन्हात वाळवा आणि हात स्वच्छ धुवा. पिसे फुगवून सुस्त बसलेला पक्षी दिसला तर दोन आठवडे दाणे बंद ठेवा. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, मोठ्यांना सांगा. २०२०-२१ च्या हिवाळ्यात आपल्याच शहरात कावळे मरून पडले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता, हे पालकांना आठवत असेल.

दाणे रोज मूठभरच पुरेत. ढीग टाकला की कबुतरे जमतात. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या श्वसनविकारांचा प्रश्न २०२५ साली मुंबईत उच्च न्यायालयापर्यंत गेला. शेजाऱ्यांना त्रास देऊन केलेली पक्षिसेवा फार दिवस टिकत नाही.

उन्हाळ्यात दाण्यांपेक्षा पाणी महत्त्वाचे. मातीचा उथळ सकोरा घ्या, मध्ये एक दगड ठेवा आणि पाणी रोज बदला. साचलेल्या पाण्यात डास होतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना ती मुख्यतः किडे-अळ्या भरवते. झाडांवर सतत कीटकनाशक फवारले तर आपले दाणापात्र भरलेले असूनही पिल्ले उपाशी राहतील. एखादे कडुनिंबाचे झाड किंवा कुंडीतली तुळस जपणे हाही याच पाठाचा भाग आहे.

पालक व विश्वस्त मंडळींना विनंती

प्रत्येक मुलाने एक दाणापात्र करून आणावे, असे आम्ही सांगणार नाही. शेकडो बाटल्या टांगून महिन्याभरात त्यांचा कचरा झाला, तर मुले चुकीचे शिकतील. प्रत्येक वर्गाचे एकच पात्र राहील. भरण्याची व धुण्याची पाळी फळ्यावर लिहिली जाईल. उन्हाळ्याच्या सुटीत ते पात्र कोणाच्या घरी जाईल, हे सुटीआधीच ठरेल. ज्या वर्गाला हे ठरवता येणार नाही, त्याने फक्त सकोऱ्याची जबाबदारी घ्यावी. त्यात कमीपणा नाही. विश्वस्तांनी शाळेच्या नव्या बांधकामात भिंतीत चिमण्यांसाठी काही पोकळ्या ठेवण्याचा विचार करावा.

प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते. तडा गेलेली बाटली झाडावर ठेवू नका, सुक्या कचऱ्यात द्या. २०१७ साली इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, ते घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा होऊ लागला म्हणून. ती सवय इथेही हवी.

वहीसाठी काम : सात दिवस रोज एकाच वेळी १५ मिनिटे बसा. कोणते पक्षी आले, किती आले, काय खाल्ले, कोणी कोणाला हुसकावले, ते तारखेसह लिहा. कोणीच आले नाही तर तेही लिहा. नवे पात्र ओळखीचे व्हायला पक्ष्यांना काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. तोवर धीर धरा.

आपली,
प्राचार्या