संगणकाच्या पोटांतील धूळ

संगणकाची पेटी बाहेरून कितीही लख्ख पुसली तरी तिच्या पोटांत धूळ सांचतच असते. यंत्र चालूं लागलें कीं तापतें. तें निवावें म्हणून पंखे बाहेरची हवा आंत ओढतात आणि हवेबरोबर धूळही येते. प्रोसेसरावर धातूच्या पातळ पत्र्यांची एक रचना बसविलेली असते. प्रोसेसराची उष्णता हवेच्या स्वाधीन करणें हें तिचें काम होय. त्या पत्र्यांमध्यें धूळ दाटली म्हणजे हवेचा मार्ग खुंटतो. मग पंखा घरघरूं लागतो, यंत्र मंदावतें आणि शेवटीं स्वसंरक्षणार्थ आपोआप बंद पडतें. अर्धा लिहिलेला निबंध सांठविला नसेल तर तोही जातो.

सफाईपूर्वीं संगणक रीतसर बंद करून सर्व तारा काढाव्या. मग चालूं करण्याची कळ कांहीं सेकंद दाबून धरावी, म्हणजे आंत उरलेली बरीचशी वीज निघून जाते. पेटी उघडतांच तिच्या रंग न दिलेल्या धातूस हात लावावा. याचें कारण असें कीं, हिवाळ्याच्या कोरड्या हवेंत आपल्या अंगावर स्थिर विद्युत् सांचते. सुमारें ३००० व्होल्टांपर्यंतचा तिचा झटका आपणांस जाणवतही नाहीं. परंतु कित्येक नाजूक भाग १०० व्होल्टांहून कमी दाबानेंही निकामी होतात. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवरही अशीच विद्युत् सांचते. म्हणून तो आंत फिरवूं नये.

नाकावर रुमाल बांधून पेटी उघड्या जागीं न्यावी. मऊ, कोरड्या ब्रशानें धूळ सैल करून दाबलेल्या हवेच्या डब्यानें थोडी थोडी उडवावी. डबा उभाच धरावा. उलटा केल्यास त्यांतून अतिशय थंड द्रव बाहेर पडतो. पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं, नाहींतर झोतानें तीं भलत्या वेगानें फिरून पंखा बिघडतो. ओलें फडकें आंत मुळींच नेऊं नये.

पॉवर सप्लायची डबी मात्र कधींही उघडूं नये. तिच्यांतील कपॅसिटर तार काढल्यावरही कांहीं काळ प्राणघातक वीज धरून ठेवतात. तिची धूळ जाळीबाहेरूनच उडवावी.

शाळेंतील संगणकास शिक्षकांवांचून हात लावूं नये. कोठें हात लावावयाचा हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच कोठें लावावयाचा नाहीं हेंही महत्त्वाचें आहे. आणि त्याचें कारण ज्याला समजलें, त्याच्या हातून यंत्रही सुरक्षित राहतें आणि तोही.