तेल, पाणी आणि वाळू : फहाहीलचा धडा



पर्यावरण हा शब्द आता शाळकरी मुलांच्याही तोंडी असतो. पण अर्थ विचारला तर पुष्कळांना झाडे लावणे एवढेच सुचते. म्हणून हा विषय आम्ही एका गावाच्या उदाहरणाने सांगणार आहोत. गाव आहे कुवेतमधील फहाहील आणि वस्तू आहे तेल. तेल आपल्याला परके नाही. कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत. मात्र हे तेल घाण्याचे नव्हे, जमिनीच्या पोटातले.

फहाहील हे कुवेत शहराच्या दक्षिणेस समुद्रकाठी आहे. पूर्वी ते मासेमारीवर जगणारे खेडे होते. १९३८ साली जवळच बुरगान येथे तेल सापडले आणि गावाचे रूप पालटले. कुवेतमध्ये नदी नाही. पाऊस वर्षाला सुमारे ११०-१२० मिलिमीटर. आपल्या कोकणात त्याच्या वीसपट तरी पडतो. त्यामुळे समुद्राचे पाणी कारखान्यात गोडे करून नळाला सोडतात. म्हणजे तेथे जो समुद्र मासळी देतो, तोच पिण्याचे पाणीही देतो.

सजीव आणि त्यांच्या भोवतालची हवा, पाणी, माती, ऊन यांचा जो एकत्र संसार चालतो, त्याला परिसंस्था म्हणतात. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती उन्हावर वाढतात, त्यांना सूक्ष्म प्राणी खातात, त्यांवर पापलेट पोसते आणि ते आपल्या ताटात येते. कुवेतमध्ये पापलेटला झुबैदी म्हणतात. या संसारात एखादी वस्तू नको त्या जागी, निसर्गाला पचणार नाही इतकी शिरली, की ते प्रदूषण. तेल जमिनीखाली होते तोवर त्याचा कोणाला उपद्रव नव्हता.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतचा कबजा घेतला. जानेवारी १९९१ मध्ये फहाहीलजवळच्या मीना अल् अहमदी या तेलबंदरातून लाखो पिंपे तेल समुद्रात सोडले गेले. पुढे माघार घेताना इराकी सैन्याने सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या. भर दुपारी अंधार पडू लागला. काजळी आणि तेलाचे तुषार वाळूवर बसून डांबरासारखा कठीण थर झाला. काही विहिरींतून तेल नुसतेच वाहिले व त्याची तळी साचली. पाणी समजून पक्षी त्यांत उतरले आणि अडकून मेले. समुद्रातील तेल प्रवाहाबरोबर दक्षिणेस सौदी अरेबियाच्या किनाऱ्याला लागले. सोडले एका देशात, भोगले दुसऱ्याने.

शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ रोजी बंद झाली. मग सारे संपले काय? घरी मुलांना एक प्रयोग करून दाखवा. एका वाटीत पाणी घ्या, दुसऱ्या वाटीत ओली वाळू घेऊन तिला काडीने भोके पाडा. दोहोंत चमचाभर तेल घाला. पाण्यावरचे तेल कापसाने बरेचसे टिपता येईल. वाळूतले काढून पाहा!

सौदी किनाऱ्यावर हेच झाले. एरवी खेकड्यांच्या बिळांतून चिखलाला हवा मिळते. त्याच बिळांतून तेल खोल उतरले. तेल खाणारे सूक्ष्म जंतू असतात; पण खोल चिखलात हवा नसल्याने त्यांचे काम जवळजवळ थांबते. दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही तेथे तेल सापडले.

आग डोळ्यांना दिसते म्हणून तिच्यामागे सगळे धावतात. मुरलेले दिसत नाही, म्हणून ते राहून जाते. आपल्या घरीही तसेच आहे. तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतले की दिसेनासे होते, नाहीसे होत नाही. ते गटारातून खाडीकडे निघते, आणि तेथे आपलेच पापलेट आहे. तेव्हा असे तेल मोरीत न ओतता जुन्या कागदाने टिपून कचऱ्यात टाकावे, आणि गाडीचे काळे तेल गटारात ओतू देऊ नये, एवढी आमची विनंती.