उदकमेह : ओळख आणि दिनचर्या

मधुमेहाच्या संशोधनात पुणे शहराचे नाव आदराने घेतले जाते. येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने १९९३ मध्ये पुण्यानजीकच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यामुळे 'डायबेटीस' हा शब्द उच्चारताच साखरेचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु 'डायबेटीस इन्सिपिडस' या विकाराचा साखरेशी संबंध नाही. आयुर्वेदातील वीस प्रमेहांत आढळणारे 'उदकमेह' हे नाव मराठीत त्यासाठी वापरले जाते.

विकाराचे स्वरूप

निरोगी प्रौढ व्यक्तीची मूत्रपिंडे दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक पाणी शरीर परत शोषून घेते. या कार्याचे नियंत्रण करणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मेंदूत तयार होते व पीयूषिका ग्रंथीतून रक्तात येते. ते कमी पडले, अथवा मूत्रपिंडांनी त्यास दाद दिली नाही, तर पाणी मूत्रावाटे वाहून जाते. दिवसाला तीन लिटरांहून अधिक, तीव्र विकारात दहा लिटरांहूनही अधिक, पाण्यासारखे फिकट मूत्र होते. तहान शमत नाही आणि रात्रीची झोप वारंवार मोडते.

डोक्यास जबर मार, मेंदूतील गाठ, शस्त्रक्रिया अथवा क्षयजन्य मेंदूज्वर ही संप्रेरक कमी पडण्याची काही कारणे होत. दुचाकींची वर्दळ असलेल्या पुण्यासारख्या शहरात अपघातानंतरच्या अतिमूत्रतेकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. ती अनेकदा तात्पुरती असते. मूत्रपिंडांशी संबंधित प्रकार आनुवंशिक असतो किंवा लिथियमच्या दीर्घ सेवनाने उद्भवतो.

निदान व उपचार

प्रथम रक्तातील व मूत्रातील साखर तपासतात. ती वाढलेली नसल्यास रक्तातील सोडियम, मूत्राची तीव्रता आणि आवश्यकतेनुसार मेंदूचे एम. आर. आय. चित्रण केले जाते. पाणी बंद ठेवून करावयाची चाचणी रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. घरी हा प्रयोग कदापि करू नये.

संप्रेरकाची उणीव डेस्मोप्रेसिन या औषधाने भरून काढता येते. ते गोळी अथवा नाकातील फवाऱ्याच्या रूपात मिळते. औषध चालू असताना सवयीने भरमसाट पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून डोकेदुखी, उलट्या व झटके येऊ शकतात. म्हणून मात्रा व पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून द्यावे लागते. मूत्रपिंडांशी संबंधित प्रकारात हे औषध सहसा उपयोगी पडत नाही. तेथे आहारातील मीठ कमी करणे व थायझाइड गटातील औषधे यांचा आधार घेतला जातो.

समाजाची जबाबदारी

वर्गात वारंवार पाणी मागणारे व बाहेर जाण्याची परवानगी मागणारे मूल खोडकर आहे, असा ग्रह शिक्षकांनी करून घेऊ नये. त्यास मोकळीक द्यावी व पालकांना तपासणीचा सल्ला द्यावा. कार्यालयप्रमुखांनी अशा कर्मचाऱ्यास पाणी व प्रसाधनगृह सहज उपलब्ध होईल, अशी व्यवस्था करावी. आळंदी व देहूहून येणाऱ्या पालख्यांच्या मार्गावरील ग्रामपंचायतींनी पाणी व शौचालयांची सोय करताना अशा वारकऱ्यांचाही विचार करावा. निर्जळी उपवास या रुग्णांना धोक्याचा आहे.

नावातील साम्यामुळे होणारा घोटाळा जिवावर बेतू शकतो. रुग्णालयात डेस्मोप्रेसिन रोखले गेल्याने रुग्ण दगावल्याची उदाहरणे परदेशांत नोंदली गेली आहेत. म्हणूनच २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी 'व्हॅसोप्रेसिनची कमतरता' व 'व्हॅसोप्रेसिनला प्रतिरोध' या अर्थाची नवी नावे सुचविली. रुग्णाने विकाराचे नाव, औषध व मात्रा लिहिलेली चिठ्ठी सदैव जवळ बाळगावी. उलट्या होत असल्यास, शुद्ध हरपल्यास वा शस्त्रक्रियेपूर्वी ती चिठ्ठी नातेवाइकांनी डॉक्टरांना आवर्जून दाखवावी. नियमित औषध, वेळोवेळी सोडियमची तपासणी आणि भोवतालच्या लोकांची समज लाभल्यास असा रुग्ण शिक्षण, नोकरी व संसार इतरांप्रमाणेच करू शकतो.